जुन्या गाडीच्या सीटचं कापड आणि भरण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत आमचं सीट-कुशनचं काम चालतं. पद्मिनी, ॲम्बॅसिडर, हेराल्ड, जीप, अधूनमधून एखादी बीटल किंवा जुनी मर्सिडीज येते. गाडी आणायच्या आधी लोक फोनवर जे विचारतात तेच इथं लिहिलंय. साताऱ्याकडच्या, विशेषतः वाई-महाबळेश्वर-पाटणच्या मंडळींसाठी काही उत्तरं वेगळी आहेत, ती त्या त्या ठिकाणी आली आहेत.

वरचं रेक्झिन तेवढं बदलून द्याल का?

देऊ, पण आधी सीट उघडू द्या. "तात्या, आत हात घालू नका, वरचं तेवढं नवं करा," असं सांगणारे बरेच भेटतात. खर्च वाढेल ही भीती असते, आणि ती खोटी नाही. पण आत काय आहे ते न बघता कापड निवडणं हा उलटा कारभार झाला.

पद्मिनीची पुढची बेंच सीट उलटी केली की खालच्या तारेभोवती वळवलेल्या छोट्या रिंगा दिसतात. त्या पक्कडीनं कापल्या की रेक्झिन सुटतं. त्याखाली पिवळा पडलेला कापूस निघतो, बसून बसून शिळ्या भाकरीसारखा कडक झालेला. मग काथ्याचा थर. मधोमध तो अजून धड असतो, पण ड्रायव्हरच्या मांडीखाली त्याची भुकटी झालेली असते आणि सीट हलवली की ती खाली सांडते. त्याखाली गोणपाट, आणि गोणपाट जिथं फाटलंय तिथून स्प्रिंगचं टोक वर डोकावतं. बऱ्याचदा केसांचा एखादा आकडा, पेनाचं टोपण, ॲल्युमिनियमची दहा पैशांची नाणीही निघतात. ती आम्ही मालकाच्या हातात ठेवतो.

आता त्या टोकावर तुम्ही कितीही भारी रेक्झिन ताणलंत तरी ते आतून घासून फाटणारच. म्हणून आमचा क्रम ठरलेला आहे: सांगाडा, स्प्रिंग, गोणपाट, भरण आणि सगळ्यात शेवटी कापड. पैसे कमी पडत असतील तर वरचं कापड हलकं घ्या. ते चार-पाच वर्षांनी पुन्हा बदलता येतं. आतलं काम पुन्हा पुन्हा कोणी काढत नाही.

घरी तपासायचं असेल तर सीटवर आडवी सरळ पट्टी ठेवा आणि ड्रायव्हरची बाजू किती खाली गेली आहे ते मोजा. बोटभर फरक चालतो. चार बोटं असेल तर आतलं काम निघणार हे धरून चला.

मोडलेली स्प्रिंग वेल्डिंग करून चालेल का?

नाही. गॅसनं तापवली की तिथली ताकद जाते, तार मऊ पडते आणि शेजारच्या वेटोळ्यावर भार येतो. मोडलेली स्प्रिंग बदलायची. दुसऱ्या जुन्या सीटमधून त्याच उंचीची, त्याच जाडीची काढून लावली तरी चालते. बाकीच्या स्प्रिंगा चांगल्या असतील तर त्या सुतळीनं पुन्हा आडव्या, उभ्या आणि तिरक्या बांधून घ्यायच्या. सुतळी सुटलेली सीट गाडी चालताना कुरकुरते आणि वळणावर एका बाजूला कलते. लोकांना वाटतं फोम बसला. खरं तर बांधणी गेलेली असते.

माझ्या गाडीत मूळ काय होतं? लेदर होतं ना?

फियाट ११०० डिलाइट, पुढे प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ नंतर पद्मिनी, तसंच ॲम्बॅसिडर, या आपल्याकडच्या रोजच्या गाड्या होत्या आणि त्यांत बहुतेक रेक्झिनच असायचं. मूळ रूपात गाडी ठेवायची म्हणत पद्मिनीला चामडं चढवणं म्हणजे मूळ रूप घालवणंच. चामडं शोभतं ते ज्या ब्रिटिश गाड्यांत ते कारखान्यातूनच आलं होतं त्यांत.

आणि चामडं म्हणजे राजेशाही, हेही पुरतं खरं नाही. जुन्या मोठ्या लिमोझिनमध्ये पुढे ड्रायव्हरला चामड्याची सीट असायची, कारण ती ऊन-पाऊस सोसायची. मागे मालक बसायचा तो उंची लोकरी कापडावर.

मूळ रंग शोधायचा असेल तर दाराच्या पॅनेलच्या आतली दुमडलेली कड किंवा सीटखालची शिवण उलगडून बघा. ऊन न लागलेला खरा रंग तिथं सापडतो. तो तुकडा टाकू नका, नमुना म्हणून जपून ठेवा.

रेक्झिन, पीयू लेदर, खरं चामडं, कापड. नक्की काय घेऊ?

गाडी कुठं उभी राहते हे सांगा, मग आम्ही सांगतो. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि माण, आटपाडी, जतकडे पाचशेच्या आसपास. दोन जिल्ह्यांत एवढं अंतर असताना सगळ्यांना एकच माल कसा सुचवायचा?

रेक्झिन, म्हणजे आजच्या भाषेत विणलेल्या पाठीवर पीव्हीसीचा थर, हे आमचं पहिलं उत्तर. ओल लागत नाही, पुसता येतं, जुन्या देशी गाडीला दिसायलाही बरोबर बसतं. साधारण एक मिलिमीटर जाडीचं घ्या. त्याहून पातळ घेतलं तर कोपऱ्यावर ताणताना पांढरं पडतं. पाठीचं कापड बघूनच माल घ्या. बनियनसारख्या विणीची, किंचित ताणणारी पाठ असेल तर गोलाईवर सुरकुती पडत नाही. रेक्झिनचा शत्रू ऊन. त्याला मऊ ठेवणारं द्रव्य उन्हानं हळूहळू निघून जातं, मग ते ताठर होतं आणि शिवणीपाशी तडकतं. जत किंवा विट्याकडे उघड्यावर उभ्या गाडीच्या मागच्या सीटचा वरचा काठ सगळ्यात आधी जातो, कारण मागच्या काचेतून येणारं ऊन थेट तिथं पडतं.

पीयू लेदर, म्हणजे कापडावर पॉलियुरेथेनचा थर दिलेलं नकली चामडं, याबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: जुन्या गाडीला नको. हाताला मऊ लागतं, दुकानात झकास दिसतं, पण दमट हवेत त्याचा वरचा पापुद्रा सुटू लागतो. गाडी वापरा नाहीतर झाकून ठेवा, हवेतली ओल आपलं काम करतेच. स्वस्त माल दोन-तीन पावसाळ्यांत सोलू लागतो आणि पापुद्रे शर्टाला चिकटतात. चांगल्या प्रतीचं पीयू जास्त टिकतं, हे मान्य. पण दुकानात ते आणि हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. पाटण, महाबळेश्वर, कोयनानगर या भागात तर विषयच काढू नका.

चामडं चौरस फुटावर मिळतं, मीटरवर नाही. कातडं वेड्यावाकड्या आकाराचं असतं, पोटाकडचा भाग ताणतो, मध्येच ओरखडे निघतात. म्हणून मोजमापापेक्षा बरंच जास्त घ्यावं लागतं. सीटसाठी एक ते सव्वा मिलिमीटर जाडीचं हवं. आपल्याकडे म्हशीचं जास्त मिळतं, ते जाड आणि भरड असतं. तासून हव्या त्या जाडीचं केलेलं आहे ना ते बघा. घाटमाथ्यावर बंद गॅरेजमध्ये चामड्यावर बुरशी येते. पावसाळ्यात निदान आठवड्यातून एकदा दारं उघडी ठेवता येणार नसतील तर चामडं घेऊ नका.

कापड उन्हाळ्यात सगळ्यात सुखाचं. घाम शोषतं, पाठ चिकटत नाही. वळणावर घसरणंही होत नाही. पसरणी घाटात गुळगुळीत रेक्झिनच्या बेंच सीटवर बसून बघा, मागचे तिघं एका दाराकडे कसे गोळा होतात ते. अशा गाडीला आम्ही बसायचा भाग कापडाचा आणि कडा रेक्झिनच्या करतो. पूर्ण रेक्झिनच हवं असेल तर मधल्या भागात उभ्या पट्ट्या शिवून घ्या. त्या नुसत्या शोभेसाठी नसतात.

किती मीटर लागेल?

रेक्झिनचा पन्हा ५४ इंच, म्हणजे १३७ सेंटीमीटर. पद्मिनी किंवा ॲम्बॅसिडरच्या दोन्ही सीटांना साधारण सहा-सात मीटर, दारांची पॅनेलं धरून आठ-नऊ. पट्ट्यांचं डिझाईन असेल तर वाढतं, कारण प्रत्येक शिवणीत थोडं थोडं कापड जातं. एक मीटर जास्तच घ्या, तेही त्याच रोलमधून. पुढच्या वर्षी त्याच नंबरचा रंग मागवला तरी छटा जुळत नाही.

फोम कोणत्या डेन्सिटीचा घालायचा?

सगळ्यात जास्त गोंधळ इथं आहे. डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन किती किलो, एवढंच. ४० डेन्सिटी म्हणजे घनमीटरला ४० किलो. त्यावरून फोम किती टिकेल याचा अंदाज येतो, किती कडक आहे याचा नाही. ३२ चा फोम कडक असू शकतो आणि ४० चा मऊ. त्यामुळे "चाळीसचा घाला" एवढं सांगून काम होत नाही. दुकानात दोन्ही हातांनी दाबून बघा, नाहीतर सरळ त्याच्यावर बसा.

स्प्रिंगच्या सीटवर फोम हा वरचा थर असतो. तिथं दीड-दोन इंच, ४० डेन्सिटीचा, मध्यम मऊ पुरतो. चार इंच घातलात तर स्प्रिंगचं काम फोम करू लागतो आणि दोघांपैकी कोणीच धड करत नाही. नुसता पत्रा किंवा फळी असलेल्या सीटला, उदाहरणार्थ जीपच्या, खाली तुकड्यांपासून दाबून बनवलेला जड रीबॉन्डेड फोम आणि वर मऊ थर, असा जोड द्यावा. पाठीला हलका, ३२ चा चालतो. तिथं शरीराचा पूर्ण भार येत नाही.

दुकानदार ४० म्हणतोय तो खरंच ४० आहे का? वजन काट्यावर ठेवा. सहा फूट बाय तीन फूट, चार इंच जाड शीट ४० डेन्सिटीचं असेल तर ६.८ किलोच्या आसपास भरतं. ३२ चं असेल तर साडेपाच किलोच्या जरा खाली. पावणेपाच किलो भरलं तर तो २८ चा माल आहे, घरच्या सोफ्याला घाला.

मेमरी फोमबद्दलही विचारणा होते. उन्हाळ्यात तापलेल्या गाडीत तो लिबलिबीत होतो आणि थंडीत सकाळी कडक. गाडीत नको.

काथ्या काढून सगळा फोमच घालू का?

हे सर्रास होतं आणि आम्हाला पटत नाही. काथ्यातून हवा खेळते, घामाची वाफ खाली जाते, आणि स्प्रिंगचा भार एका जागी न येता पसरतो. बीटल आणि जुन्या मर्सिडीजच्या सीटमध्येही रबर मारलेला काथ्याच असायचा. जर्मन लोकांना फोम मिळत नव्हता असं थोडंच आहे? रबराइज्ड काथ्याचं शीट आजही गादीवाल्यांकडे मिळतं. जुना काथ्या हातात चुरगळून बघा. धागे मोडून भुकटी झाली तर बदला. नुसता दबला असेल तर उन्हात टाकून, झोडून, मोकळा करून पुन्हा वापरता येतो.

गोणपाट मात्र नेहमी नवं. सुतळी-गोणपाटाचा खर्च एवढा कमी असतो की तिथं काटकसर करणाऱ्याचं आम्हाला कौतुकच वाटतं.

जुन्या सीटमध्ये कधी लेटेक्सचा फोम निघतो, ज्याला सगळे डनलॉप म्हणतात. तो म्हातारा झाला की वरून कडक आणि आतून चिकट भुकटी होतो. त्याला वाचवायचा प्रयत्न करू नका.

पुरात बुडालेल्या गाडीची सीट वाचते का?

सांगलीकरांना हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. २००५, २०१९, २०२१. २०१९ ला आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, आणि तिथली धोक्याची पातळी आहे ४५ फूट. त्यानंतर कित्येक महिने गाळ भरलेल्या सीटा दारात येत होत्या.

फोम, कापूस, काथ्या, गोणपाट: सगळं टाकून द्या. नळाखाली धरून स्वच्छ दिसतं, पण पुराचं पाणी नुसतं पाणी नसतं, त्यात गटार असतं. बारीक गाळ फोमच्या छिद्रांत बसतो आणि पहिल्या पावसात वास परत येतो. अत्तर, कापूर, कॉफी, सगळे उपाय लोकांनी करून पाहिले आहेत.

सांगाडा आणि स्प्रिंगा बहुतेक वेळा वाचतात, फक्त वेळ घालवू नका. ओली सीट वरून वाळलेली दिसते, पण आतल्या ओल्या काथ्याखाली तार गंजत राहते. गाडी बाहेर काढली की पहिल्यांदा सीट काढा, कापड फाडा, सांगाडा उघडा करून धुवा आणि वाळवा. मग तारेच्या ब्रशनं गंज काढून रेड ऑक्साइड, म्हणजे गंज रोखणारा तांबडा प्रायमर, आणि वर रंग. स्प्रिंगांना रंगाचा पातळच हात द्या. जाड थर वेटोळी दबली की तडकतो आणि त्या भेगेत पाणी राहतं.

रेक्झिन वाचवता येतं का? वरून हो. पण त्याची विणलेली पाठ काळी पडली असेल तर ते फक्त नमुना म्हणून, नव्या कापडाच्या बेतणीसाठी ठेवा.

सीट बदलल्यावर बसणं उंच झालं. असं का?

कारण फोम जास्त घातला. गाडीची सीट म्हणजे दिवाणखान्यातला कोच नव्हे. दोन इंच उंच झालात की डोकं छताला लागतं, मांडी स्टिअरिंगला घासते, क्लचपर्यंत पाय लांबवावा लागतो आणि आरशाचा कोनही बदलतो. नवा फोम सुरुवातीला थोडा बसतो, त्यामुळे अर्धा-पाऊण इंच जास्त चालतो. कामाला देण्याआधी सीटच्या कडेपासून छतापर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा. चांगला कारागीर कापड चढवायच्या आधी तुम्हाला नुसत्या फोमवर बसवून बघतो. तो बोलावत नसेल तर तुम्ही हट्ट धरा.

शिलाईत काय बघायचं?

दोरा पॉलिस्टरचा. नायलॉन ताकदीचा असला तरी उन्हात लवकर कमजोर होतो, आणि सुती दोरा ओलीनं कुजतो. टाका चार ते पाच मिलिमीटरचा. बारीक टाके दिसायला नाजूक, पण रेक्झिनमध्ये सुईची भोकं जवळजवळ पडली की ते त्या रेषेत कागदासारखं फाटतं. पायपिंगच्या, म्हणजे शिवणीवरच्या गोल कडेच्या, आत प्लॅस्टिकची दोरी असावी. पैसे वाचवायला सुतळी भरतात, ती पाणी धरते.

फोम चिकटवायला रबराचं सोल्यूशन, तेही फक्त कडेला. पूर्ण पृष्ठभागावर फासलं की जागोजाग कडक चट्टे लागतात.

साखर कारखान्याच्या जुन्या ॲम्बॅसिडरवर पांढरे टॉवेल असायचे, तसे करून मिळतील का?

मिळतील, आणि तो वेडेपणा नव्हता. साखर कारखान्याच्या चेअरमनची पांढरी ॲम्बॅसिडर दिवसभर शिवारातून फिरायची. टर्किश टॉवेलचं कव्हर घाम शोषायचं, धूळ धरायचं आणि आठवड्याला धुवायला पडायचं. खालचं रेक्झिन वर्षानुवर्षं नवं राहायचं. फक्त नाडी सीटखाली बांधायची सोय करा. इलॅस्टिकवर टॉवेल टिकत नाही.

रेक्झिनवर हळदीचा डाग पडलाय.

हळदीच्या मार्केट यार्डाच्या गावात हे व्हायचंच. साबण किंवा सोडा लावलात तर डाग लाल होतो, घाबरू नका, हळद अल्कलीत तशीच वागते. सौम्य साबणानं पुसून, साध्या पाण्यानं दोनदा स्वच्छ करा आणि ती जागा दोन-चार दिवस उन्हात ठेवा. हळदीचा रंग उन्हानं उडतो. थिनर, पेट्रोल किंवा नेलपॉलिशचं रिमूव्हर वापरू नका. डाग जाईल आणि बरोबर रेक्झिनचा मऊपणाही.

एरवीच्या सफाईलाही हेच: ओलं फडकं, सौम्य साबण, कोरडं फडकं. चमकवणारे तेलकट स्प्रे धूळ ओढतात आणि सीट निसरडी करतात.

सीटमुळे विंटेज नोंदणीला अडचण येते का?

२०२१ च्या केंद्रीय नियमांत ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात जपलेली आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. नंबरात व्हीए ही अक्षरं येतात. फाटलेलं रेक्झिन त्याच जातीच्या मालानं बदललं म्हणून कोणी अडवेल असं वाटत नाही. पण बेंच काढून आजच्या गाडीच्या बकेट सीटा बसवल्यात आणि त्यासाठी फरशीचा पत्रा कापलात, तर मूळ स्वरूप कुठं राहिलं ते तुम्हीच सांगा. काम सुरू करायच्या आधी आणि नंतर फोटो काढून ठेवा.

आगीचा धोका?

जुन्या गाडीत वायरिंग जुनं, म्हणून विचारणं योग्य आहे. गाडीच्या आतल्या मालासाठी आयएस १५०६१ हे भारतीय मानक आहे. रोलवर किंवा बिलावर त्याचा उल्लेख आहे का ते विचारा. पडद्याचं, सोफ्याचं कापड स्वस्त मिळतं म्हणून वापरू नका. १९४०च्या दशकातली किंवा त्याआधीची गाडी असेल आणि तिचं मूळ रेक्झिन शाबूत असेल तर एक लक्षात ठेवा: तेव्हाचं रेक्झिन सुती कापडावर नायट्रोसेल्युलोजचा थर देऊन केलेलं असायचं आणि ते झटकन पेट घेतं. तिच्यात सिगारेट नको.

कधी आणायची गाडी, आणि किती दिवस ठेवावी लागेल?

दिवाळीनंतर ते मे अखेरपर्यंत. पावसाळ्यात सोल्यूशन नीट वाळत नाही, धुतलेला सांगाडा वाळत नाही, आणि ओल असलेल्या काथ्यावर रेक्झिन ताणलं की ती ओल आतच अडकते. दोन्ही सीट आणि पॅनेलांचं पूर्ण काम असेल तर दोन-तीन आठवडे धरा. गाडी अडकवून ठेवायची नसेल तर नुसत्या सीटा काढून टेम्पोत टाकून पाठवल्यात तरी चालतं. बोल्ट आणि सरकपट्ट्या तेवढ्या पिशवीत घालून सीटलाच बांधा. आमच्याकडे अशा बेवारशी बोल्टांचा डबा भरलाय.